सावकाश जावे : तिबेटी भाषेची तोंडओळख

प्रस्तावना

थंडीची चाहूल लागली की अनेक शहरांच्या पदपथांवर स्वेटर, शाली आणि कानटोप्या यांची दुकाने उभी राहतात. ती 'तिबेटी लोकांची दुकाने' म्हणून ओळखली जातात. गिऱ्हाईक भाव विचारते, घासाघीस करते आणि निघून जाते. समोरच्या माणसाची स्वतःची भाषा कोणती, ती कशी बोलली जाते, हा प्रश्न सहसा मनात येत नाही.

प्रवासाला निघताना आपण तिकीट काढतो, कपडे भरतो, पैशांची सोय करतो. ज्यांच्या गावी जायचे त्यांच्या भाषेतील चार शब्द मात्र बरोबर घेत नाही. वास्तविक त्या चार शब्दांना वजन नसते आणि त्यांचे मोल फार असते. प्रस्तुत पाठात वाराणसीजवळील सारनाथ येथे जाणाऱ्या प्रवाशाला उपयोगी पडेल अशा तिबेटी भाषेची ओळख करून दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –

- भारत आणि तिबेट यांच्यातील भाषिक संबंध सांगता येईल;
- तिबेटी व मराठी यांतील साम्य व भेद उदाहरणांसह स्पष्ट करता येतील;
- आदरार्थी शब्दांचा योग्य वापर कोठे करावा व कोठे टाळावा, हे ओळखता येईल;
- तिबेटी भाषेत अभिवादन, विचारपूस, आभार व निरोप यांसाठीची साधी वाक्ये बोलता येतील.

मूळ पाठ

१. काशीहून सारनाथला

काशी हे मराठी माणसाला परके नाही. तेथील विश्वनाथाचे मंदिर अठराव्या शतकात अहल्याबाई होळकरांनी पुन्हा उभारले. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. घराबाहेर हिंदी आणि घरात मराठी असा दुहेरी संसार त्यांनी सांभाळला. आपल्या प्रांतापासून दूर राहून भाषा टिकवणे म्हणजे काय, हे या कुटुंबांना ठाऊक आहे.

काशीपासून सुमारे दहा किलोमीटरवर सारनाथ आहे. गौतम बुद्धांनी आपला पहिला उपदेश येथे केला. १९५६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर महाराष्ट्रातून सारनाथला जाणाऱ्यांची वाट अधिकच रुळली. धामेक स्तूप, मूलगंधकुटी विहार आणि संग्रहालयातील सिंहशीर्ष पाहून बहुतेक प्रवासी परततात. परंतु त्याच गावात तांबड्या वस्त्रांतील भिक्षू दिसतात, तिबेटी विहार दिसतो, दुकानांवर अनोळखी लिपीतील पाट्या दिसतात.

१९५९ साली दलाई लामांना तिबेट सोडून भारतात यावे लागले. त्यांच्यामागून हजारो तिबेटी लोक हिमालय ओलांडून आले. देश सुटला, बरोबर आले ते अंगावरचे कपडे, काही पोथ्या आणि भाषा. या भाषेचे आणि तिच्यातील विद्येचे पुढे काय होणार, ही चिंता मोठी होती. दलाई लामा आणि पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या विचारविनिमयातून एका शिक्षणसंस्थेची कल्पना पुढे आली आणि १९६७ साली वाराणसीत ती साकार झाली. आरंभी ती संस्कृत विश्वविद्यालयाचा एक भाग होती. १९७७ साली ती स्वायत्त झाली आणि १९८८ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. 'केंद्रीय तिबेटी उच्च शिक्षण संस्थान' या नावाने ही संस्था सारनाथ येथे कार्य करते. तिबेटी विद्यार्थ्यांबरोबरच लडाख, किन्नौर, सिक्कीम, अरुणाचल अशा हिमालयीन प्रदेशांतील विद्यार्थीही येथे शिकतात.

२. अक्षरांचे देणे-घेणे

तिबेटी परंपरा असे सांगते की, सातव्या शतकात तिबेटचा राजा स्रोंगचन गम्पो याने थोन्मी संभोट नावाच्या आपल्या विद्वान मंत्र्याला भारतात पाठवले. त्याने येथील लिपींचा अभ्यास केला आणि आपल्या भाषेसाठी लिपी सिद्ध केली. परंपरेतील तपशिलांविषयी अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. परंतु तिबेटी लिपीचे मूळ भारतीय लिपीत आहे, याविषयी दुमत नाही. तिबेटी वर्णमालेचा आरंभच त्याची साक्ष देतो : क, ख, ग, ङ, च, छ, ज, ञ, त, थ, द, न, प, फ, ब, म. हा क्रम मराठी मुलांनी पाटीवर गिरवलेलाच आहे. त्यात घ, झ, ध, भ नाहीत आणि ट-वर्ग नाही, कारण त्या भाषेला त्यांची गरज भासली नाही. पुढे संस्कृत शब्द लिहिण्याची वेळ आली तेव्हा त-वर्गातील अक्षरे उलट दिशेने फिरवून त्यांनी ट-वर्ग तयार केला.

एकूण व्यंजने तीस आणि स्वरचिन्हे चार. देवनागरीप्रमाणेच प्रत्येक व्यंजनात 'अ' गृहीत असतो. शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाहीत. प्रत्येक अक्षरसमूहानंतर एक ठिपका देतात. वाक्य संपले की उभा दंड येतो. जुन्या मराठी पोथ्या पाहिलेल्या वाचकाला तो दंड ओळखीचा वाटेल.

भारताने अक्षरे दिली, तर तिबेटने ग्रंथ जपले. आठव्या शतकापासून पुढे कित्येक शतके भारतीय पंडित आणि तिबेटी भाषांतरकार शेजारी बसून संस्कृत ग्रंथांची भाषांतरे करीत होते. बुद्धवचनांचा संग्रह 'कांग्युर' आणि त्यांवरील शास्त्रग्रंथांचा संग्रह 'तेंग्युर' यांचे मिळून तीनशेहून अधिक खंड भरतात. कालांतराने भारतातील मोठे विहार उद्ध्वस्त झाले आणि अनेक मूळ संस्कृत ग्रंथ नाहीसे झाले. त्यांची तिबेटी भाषांतरे मात्र शिल्लक राहिली.

या ठेव्याच्या शोधात राहुल सांकृत्यायन १९२९ साली वेष पालटून नेपाळमार्गे तिबेटात गेले. त्यानंतर १९३४, १९३६ आणि १९३८ या वर्षी त्यांनी पुन्हा प्रवास केला. धर्मकीर्तीच्या 'प्रमाणवार्तिक' या ग्रंथाची संस्कृत पोथी त्यांना तेथेच मिळाली. हा प्रवास भाषेवाचून शक्य नव्हता. त्यांनी तिबेटी आत्मसात केली आणि इतरांना ती शिकता यावी म्हणून तिचे व्याकरणही लिहिले. पुण्यात प्रा. पु. वि. बापट आणि प्रा. वा. वि. गोखले यांनी बौद्ध ग्रंथांच्या संशोधनासाठी तिबेटी भाषेचा आधार घेतला. सारनाथच्या संस्थेत तिबेटी भाषांतरांवरून लुप्त ग्रंथ पुन्हा संस्कृतात आणण्याचे काम चालते. सातव्या शतकात येथून गेलेले कर्ज व्याजासह परत यावे, तसे हे घडले आहे.

पाठगत प्रश्न १

(अ) रिकाम्या जागा भरा.
१. तिबेटी वर्णमालेत एकूण ____ व्यंजने आहेत.
२. सारनाथच्या संस्थेची स्थापना ____ साली झाली.
३. बुद्धवचनांच्या तिबेटी संग्रहाला ____ असे म्हणतात.

(आ) 'भारताने अक्षरे दिली, तर तिबेटने ग्रंथ जपले' हे विधान दोन-तीन वाक्यांत स्पष्ट करा.

३. उच्चार : मराठी जिभेची सोय

तिबेटी आणि मराठी या वेगवेगळ्या भाषाकुलांतील भाषा आहेत. तरीही मराठी माणसाला तिबेटीचे काही उच्चार इतरांपेक्षा सोपे जातात. 'चिंच' आणि 'चमचा' हे शब्द मोठ्याने म्हणून पाहावेत. दोन्हींत अक्षर च हेच असले, तरी उच्चार वेगळा आहे. 'जीव' आणि 'जागा' यांतही तोच भेद आहे. मराठीत हा भेद बोलण्यात आहे, लेखनात नाही. तिबेटीत तो लेखनातही आहे. तिबेटी लिपीत च, छ, ज या अक्षरांच्या माथ्यावर एक लहानसा फाटा जोडला की 'चमचा' या शब्दातील च आणि त्याची भावंडे तयार होतात. अन्य भाषकांना जो उच्चार घोकावा लागतो, तो मराठी माणूस चमच्याबरोबर घरातूनच घेऊन येतो. या पाठात असा उच्चार अक्षराखाली टिंब देऊन दाखवला आहे, उदाहरणार्थ, छ़.

अडचण येते ती ङ या अक्षरापाशी. मराठी वर्णमालेत ते आहे, पण त्याने एकही नेहमीचा शब्द सुरू होत नाही. तिबेटीत 'मी' या अर्थाचा शब्दच 'ङा' आहे. यासाठी एक युक्ती करावी. 'रंग' हा शब्द सावकाश म्हणावा आणि ग येण्यापूर्वी थांबावे. जीभ जेथे थांबली तो ङ. तेथूनच 'आ' उच्चारला की 'ङा' होतो.

दुसरी अडचण सुरांची आहे. ल्हासाच्या बोलीत आवाज उंच की खालचा, यावरून अर्थ बदलतो. खालच्या सुरातील 'ङा' म्हणजे मी आणि उंच सुरातील 'ङा' म्हणजे पाच. अल्पप्राण आणि महाप्राण यांचा भेदही पाळावा लागतो : 'चू' म्हणजे दहा आणि 'छू' म्हणजे पाणी. हा भेद मराठी कानाला सहज कळतो.

लेखन आणि उच्चार यांत मात्र बरेच अंतर पडले आहे. 'आठ' या अर्थाचा शब्द लिहिताना ब, र, ग, य, द अशी पाच व्यंजने येतात. ल्हासाचा माणूस तो नुसता 'ग्ये' असा उच्चारतो. लडाख व बाल्टिस्तान येथील बोलींत या जुन्या व्यंजनांपैकी काही अजून ऐकू येतात. म्हणून नव्या शिकणाऱ्याने प्रथम कानावर भर द्यावा, लिपी मागाहून शिकावी.

एक ते दहा हे अंक असे आहेत : चिक, ञी, सुम, शी, ङा, डुक, दुन, ग्ये, गू, चू. अकरा म्हणजे 'चूचिक', बारा म्हणजे 'चूञी'. दहा-एक, दहा-दोन अशी ही सरळ रचना आहे.

४. वाक्याची चाल

तिबेटी वाक्याची चाल मराठीसारखी आहे. कर्ता आधी, कर्म मध्ये आणि क्रियापद शेवटी. पुढील वाक्य पाहा :

ङा-ला च्या गो.
मला चहा हवा.

शब्दाखाली शब्द ठेवला तरी काही हलवावे लागत नाही. 'ङा' म्हणजे मी आणि 'ङा-ला' म्हणजे मला. दोन्ही भाषांतील हा 'ला' प्रत्यय एकाच मुळातून आलेला नाही. हा योगायोग आहे. पण शिकणाऱ्याला असा योगायोग फार उपयोगी पडतो. चहाला महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत 'च्या' म्हणतात, तोही शब्द तिबेटी शब्दाच्या जवळचाच आहे.

मराठीत भूतकाळात 'त्यांनी हे घेतले' असे म्हणताना कर्त्याला 'नी' प्रत्यय लागतो. तिबेटीतही अशा वाक्यात कर्त्याला प्रत्यय लागतो : 'खोङ-गी दि ञो सोङ.' 'खोङ' म्हणजे ते, 'खोङ-गी' म्हणजे त्यांनी, 'दि' म्हणजे हे आणि 'ञो सोङ' म्हणजे विकत घेतले. हिंदीत 'ने' कोठे लावावा, या प्रश्नाने अनेक परभाषक गोंधळतात. मराठी माणसाला मात्र ही रचना समजावून सांगावी लागत नाही.

काही भेदही ध्यानात ठेवावेत. तिबेटीत विशेषण आणि संख्या नामानंतर येतात. 'दहा रुपये' म्हणायचे असल्यास 'गोरमो चू', म्हणजे 'रुपये दहा' असे म्हणतात. पावतीवर 'रुपये दहा फक्त' लिहितात त्याप्रमाणे. लिंगभेद नाही. माझा, माझी, माझे या तिन्हींसाठी 'ङे' हा एकच शब्द पुरतो. नकार मात्र क्रियापदाच्या आधी येतो : 'हाको सोङ' म्हणजे समजले, 'हाको मासोङ' म्हणजे समजले नाही.

'आहे' या अर्थाची दोन क्रियापदे प्रथम शिकावीत. स्वतःविषयी बोलताना 'यिन' आणि इतरांविषयी बोलताना 'रे' वापरतात. 'ङा पोपा यिन' म्हणजे मी तिबेटी आहे. 'खोङ पोपा रे' म्हणजे ते तिबेटी आहेत. मग समोरच्याला प्रश्न विचारताना कोणते क्रियापद घ्यावे? येथे या भाषेची एक सुंदर रीत दिसते. उत्तर देणारा 'यिन' म्हणणार आहे, म्हणून विचारणाराही 'यिन'च घेतो : 'ख्येरांग पोपा यिनपे?' म्हणजे 'तुम्ही तिबेटी आहात का?' प्रश्न आपला, पण क्रियापद समोरच्याच्या बाजूचे. बोलण्यापूर्वी क्षणभर दुसऱ्याच्या जागी उभे राहावे, असे या व्याकरणानेच ठरवून दिले आहे.

पाठगत प्रश्न २

(अ) चूक की बरोबर ते सांगा.
१. तिबेटी वाक्यात क्रियापद शेवटी येते.
२. तिबेटीत संख्या नामाच्या आधी येते.
३. 'चू' आणि 'छू' यांचा अर्थ एकच आहे.

(आ) 'मला पाणी हवे' हे वाक्य तिबेटीत सांगा.

५. आदराची भाषा

मराठीत एखाद्याला 'आपले शुभनाव?' असे विचारले, तर तो 'माझे नाव अमुक' असे उत्तर देतो. 'माझे शुभनाव अमुक' असे कोणी म्हणत नाही. 'शुभ' दुसऱ्याच्या नावाला लावायचे, स्वतःच्या नाही. तिबेटी भाषेत हा नियम सर्व व्यवहारांत पसरलेला आहे. शरीर, अन्न, चहा, येणे-जाणे यांसाठी एक साधा आणि एक आदरार्थी असे दोन-दोन शब्द आहेत.

- नाव : साधा शब्द 'मिङ', आदरार्थी 'छ़ेन'
- शरीर : साधा शब्द 'सुकपो', आदरार्थी 'कुसुक'
- हात : साधा शब्द 'लाकपा', आदरार्थी 'छाक'
- जेवण : साधा शब्द 'खालाक', आदरार्थी 'शेलाक'
- चहा : साधा शब्द 'च्या', आदरार्थी 'सोलच्या'
- येणे : साधा शब्द 'योङ', आदरार्थी 'फेप'
- जाणे : साधा शब्द 'डो', आदरार्थी 'फेप'

'कुसुक देपो यिनपे?' म्हणजे 'आपली प्रकृती बरी आहे ना?' याचे उत्तर 'ङा सुकपो देपो यिन', म्हणजे 'माझी प्रकृती बरी आहे' असे द्यावे. प्रश्नात 'कुसुक' आणि उत्तरात 'सुकपो'. समोरच्याला वर बसवायचे आणि स्वतः खाली बसायचे, असा हा शिष्टाचार आहे. नवखा प्रवासी ऐकलेला प्रश्नातील शब्दच उत्तरात परत करतो आणि नकळत स्वतःचा गौरव करून बसतो. ऐकणारे हसतात, पण ते हसू बहुधा कौतुकाचे असते.

नावाने हाक मारताना शेवटी 'ला' जोडतात. हा 'ला' प्रत्यय नसून मराठीतील 'जी' किंवा 'राव' यांसारखा आदरदर्शक शब्द आहे. आईच्या वयाच्या स्त्रीला 'आमा-ला', वडिलांच्या वयाच्या पुरुषाला 'पा-ला', शिक्षकांना 'गेन-ला' आणि भिक्षुणीला 'आनी-ला' म्हणावे. मराठी माणूस अनोळखी बाईंनाही मावशी, काकू म्हणतो. तसेच हे आहे.

६. एक संवाद

सारनाथमध्ये चहाची एक टपरी आहे, अशी कल्पना करा. तिबेटी वृद्ध स्त्री ती चालवते. पुण्याहून आलेला एक प्रवासी तेथे येतो.

प्रवासी : टाशी देलेक, आमा-ला. (नमस्कार, आई.)
आमा : टाशी देलेक. शू रो नङ. (नमस्कार. बसावे.)
प्रवासी : थुकजेछे. कुसुक देपो यिनपे? (आभारी आहे. आपली प्रकृती बरी आहे ना?)
आमा : ला यिन, ङा सुकपो देपो यिन. ख्येरांग काने यिन? (हो, बरी आहे. तुम्ही कोठले?)
प्रवासी : ङा पुणे-ने यिन. (मी पुण्याहून आलो.)
आमा : ख्येरांग छ़ेन-ला कारे रे? (आपले नाव काय?)
प्रवासी : ङे मिङ-ला महेश रे. आमा-ला, दि कारे रे? (माझे नाव महेश. आई, हे काय आहे?)
आमा : दि पोच्या रे. (हा तिबेटी चहा आहे.)
प्रवासी : कोङ काछ़े रे? (किंमत किती आहे?)
आमा : गोरमो चू रे. (दहा रुपये.)
प्रवासी : हाको मासोङ. यङक्यार सुङ रो नङ. (समजले नाही. पुन्हा सांगावे.)
आमा : (दोन्ही हातांची बोटे दाखवून) गोरमो चू.
प्रवासी : हाको सोङ. थुकजेछे. (समजले. आभारी आहे.)

तिबेटी चहात लोणी आणि मीठ घालतात. गोड चहाची सवय असलेल्याला पहिला घोट चमत्कारिक वाटतो. अतिशय थंड आणि उंच प्रदेशात शरीराला ऊब व शक्ती मिळावी, म्हणून हा चहा रूढ झाला. पेय असो वा शब्द, त्याची चव ते ज्या भूमीत जन्मले तिच्याशी जोडलेली असते.

'टाशी देलेक' या शब्दांत मंगल व कल्याण यांची इच्छा आहे. तिबेटात हे शब्द मुख्यतः लोसार या नववर्षाच्या सणाला उच्चारत. भारतात आल्यानंतर ते रोजच्या भेटीचे अभिवादन म्हणून रूढ झाले. भाषा आपल्या माणसांबरोबर प्रवास करते आणि प्रवासात थोडी बदलते, याचे हे उदाहरण होय.

७. निरोप

मराठी घरातून निघताना पाहुणा 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. घरचे लोक दाराशी येऊन 'सावकाश जा' म्हणतात. तिबेटी लोकही निरोप घेताना हेच बोलतात. जाणाऱ्याला 'काले फेप' म्हणतात. 'काले' म्हणजे सावकाश आणि 'फेप' म्हणजे जावे. पण त्याच शब्दाचा अर्थ 'यावे' असाही होतो. जाणारा मागे राहणाऱ्याला 'काले शूक', म्हणजे 'सावकाश बसावे', असे म्हणतो. एकाची वाट सुखाची व्हावी, दुसऱ्याचे घर सुखाचे राहावे, अशी ही शुभेच्छांची अदलाबदल आहे.

ज्यांचा देश सुटला आहे, त्यांच्यासाठी भाषा हेच घर असते. भारतात जन्मलेली तिबेटी मुले शाळेत हिंदी व इंग्रजी शिकतात, बाजारात गिऱ्हाइकाची भाषा बोलतात. पदपथावरील दुकानदाराने हिंदी शिकली, महाराष्ट्रात आलेल्याने मराठी शिकली. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ १९७२ साली वसलेल्या नॉरग्येलिंग या तिबेटी वसाहतीतील लोकांचा मराठीशी नित्याचा संबंध येतो. इतकी वर्षे एकच बाजू दुसऱ्याची भाषा शिकत आली आहे. म्हणून जेव्हा एखादा मराठी प्रवासी अडखळत 'टाशी देलेक, आमा-ला' म्हणतो, तेव्हा त्याचे उच्चार चुकले तरी बिघडत नाही. 'तुमचे घर मला दिसले. मी दाराशी उभा आहे' एवढे त्या दोन शब्दांनी सांगून होते.

सारनाथला जायलाच हवे असे नाही. पुढच्या थंडीत स्वेटर घेताना भाव विचारण्यापूर्वी हे शब्द म्हणून पाहावेत. आणि निघताना विसरू नये : काले शूक.

शब्दार्थ

तोंडओळख – प्राथमिक परिचय
स्वायत्त – स्वतःचा कारभार स्वतः पाहणारी
अभिमत विद्यापीठ – विद्यापीठासमान मानलेली संस्था
लुप्त – नाहीसे झालेले
अल्पप्राण – कमी श्वासाने उच्चारले जाणारे व्यंजन (क, च, त)
महाप्राण – अधिक श्वासाने उच्चारले जाणारे व्यंजन (ख, छ, थ)
शिष्टाचार – सभ्य वागण्याची रीत

तुम्ही काय शिकलात?

- तिबेटी लिपी भारतीय लिपीपासून तयार झाली. भारतात लुप्त झालेले अनेक ग्रंथ तिबेटी भाषांतरांत टिकून राहिले.
- वाक्यातील शब्दक्रम, 'ला' हा प्रत्यय आणि 'चमचा' या शब्दातील च यांमुळे मराठी भाषकाला तिबेटी शिकणे सोपे जाते.
- आदरार्थी शब्द दुसऱ्यासाठी वापरायचे असतात, स्वतःसाठी नाही.
- परक्या भाषेतील थोडे शब्द शिकणे म्हणजे ती बोलणाऱ्यांचा मान राखणे होय.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे तीन-चार वाक्यांत लिहा.
(अ) सारनाथ येथे तिबेटी शिक्षणसंस्था स्थापन करण्याची गरज का भासली?
(आ) 'प्रश्न आपला, पण क्रियापद समोरच्याच्या बाजूचे' या वाक्याचा अर्थ उदाहरण देऊन सांगा.
(इ) तिबेटी आणि मराठी निरोपाच्या पद्धतींतील साम्य स्पष्ट करा.

२. कोणी 'कुसुक देपो यिनपे?' असे विचारले आणि प्रवाशाने 'ङा कुसुक देपो यिन' असे उत्तर दिले. या उत्तरातील चूक सांगा व ती दुरुस्त करा.

३. तुमच्या परिसरात मराठीखेरीज कोणती भाषा बोलली जाते? ती बोलणाऱ्या व्यक्तीकडून अभिवादन, आभार व निरोप यांचे शब्द विचारून घ्या. त्यांचा शब्दशः अर्थ मिळवा आणि त्या अनुभवावर दहा ओळी लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ (अ) : १. तीस २. १९६७ ३. कांग्युर
(आ) : तिबेटी लिपी भारतीय लिपीच्या आधारे तयार झाली. भारतीय ग्रंथांची तिबेटीत भाषांतरे झाली. भारतात मूळ ग्रंथ नाहीसे झाल्यावरही ती भाषांतरे टिकून राहिली.

प्रश्न २ (अ) : १. बरोबर २. चूक ३. चूक
(आ) : ङा-ला छू गो.